घरतांचा बांध

कोन गावातल्या घरतांच्या बंगल्याला दोन जिने आहेत आणि दोन्ही एकाच मजल्यावर जातात. यात वास्तुशास्त्र वगैरे काही नाही. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच. पूर्वेचा जिना थोरल्या आनंदा घरतांचा, पश्चिमेचा धाकट्या हरेशचा, आणि मधल्या दाराला खिळे ठोकलेले. याच मजल्याचे दोन्ही अर्धे दोघांकडून वेगवेगळे भाड्याने घेऊन सत्यजीतने व्हिडिओ गेम बनवायचा स्टुडिओ थाटला होता. पनवेलच्या आसपास एवढी ऐसपैस जागा इतक्या स्वस्तात कशी काय मिळाली, याचा विचार त्याने जागा घेतल्यावर केला.

चित्रं काढणारे आनंदाकाकांच्या अर्ध्यात बसत, प्रोग्रामर हरेशकाकांच्या. चहाचा ओटा पूर्वेला, संडास पश्चिमेला. आपल्या अर्ध्यातून दुसऱ्याच्या अर्ध्यात थेट जायचं नाही, अशी दोन्ही घरमालकांची अट. त्यामुळे चहा प्यायलेल्या माणसाला पुढच्या सोयीसाठी खाली उतरून अख्ख्या बंगल्याला वळसा घालावा लागे. मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये म्हणे व्यायामशाळा असते. इथे तिची गरजच पडली नाही.

भांडण कशावरून, तर शेताच्या बांधावरून. बांध एक हात माझ्याकडे सरकवला, असं दोघंही एकमेकांबद्दल सांगत. गंमत म्हणजे ते शेत दोघांनी केव्हाच विकून टाकलं होतं. तिथे आता मालाचं भलंमोठं गोदाम उभं होतं आणि बांधाच्या जागी कंटेनरचे ट्रक लागत. तरी भांडण मात्र जिथल्या तिथे, ठणठणीत.

या सगळ्याशी रुचिरा देवधरला काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त तिचा गेम दिसत होता. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा तिच्या वडिलांनी आठवडाभर अबोला धरला होता. भातशेतीचा, दोघांनी मिळून खेळायचा हा गेम पहिल्यांदाच सर्वस्वी तिच्या हातात होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी बंगळुरूच्या कंपनीची माणसं तो बघायला येणार होती. त्यांना आवडला तर गेम बाजारात जाणार, नाही तर स्टुडिओ बंद आणि रुचिरा वडिलांसमोर. 

तिची चूक एकच झाली. गेममधलं गाव तिने मनाने रचलं नाही. कोनचा उपग्रहातून काढलेला जुना फोटो सापडला, तो समोर ठेवून तिने शेतं आखली. बांध वेडेवाकडे होते, ते सरळ करून टाकले. तेवढीच मेहनत वाचली.

दसऱ्याला सत्यजीतने कॉम्प्युटरची पूजा मांडली, दोन्ही अर्ध्यांत एकेक, आणि दोन्ही घरमालकांना आपापल्या जिन्याने वर बोलावलं. नारळ फुटले. मग हौसेने त्याने दोघांच्या हातात माउस दिला. पडद्यावर हिरवंगार शेत उघडलं. या टोकाला आनंदाकाकांचा माणूस फावडं घेऊन उभा, त्या टोकाला हरेशकाकांचा.

"आरं, ह्यो त आमचा शेत!" आनंदाकाका खुर्चीतून अर्धे उठले. मागे त्यांची बायको जनीकाकू आरतीचं तबक घेऊन उभी होती, तिने कपाळाला हात लावला.

भिंतीपलीकडून हरेशकाकांचा आवाज आला, "कोनी काडला ह्यो बांद? एक हात माज्याकडं सरकवलाय!"

त्यांनी कुणाला न विचारता माउस दाबला आणि फावड्याने बांध उकरायला सुरुवात केली. आनंदाकाकांच्या पडद्यावर बांध त्यांच्या बाजूला सरकला. त्यांनीही फावडं चालवलं. दोन म्हाताऱ्यांना इतक्या झटपट गेम शिकताना रुचिराने आजवर पाहिलं नव्हतं. तिला हसू आवरेना, पण ते फार वेळ टिकलं नाही. प्रसाद वाटून होईपर्यंत निरोप आला. आनंदाकाका म्हणाले, सोमवारच्या आत बांध आपल्या जागी जायला हवा, नाही तर जागा खाली करा. हरेशकाकांचं म्हणणंही अक्षरशः तेच होतं. फक्त त्यांची जागा वेगळी होती. पुराव्यादाखल एकाने ओट्याच्या खोलीला कुलूप लावलं, दुसऱ्याने संडासाला.

"एकाचं ऐकलं तर दुसरा बाहेर काढणार," सत्यजीत डोकं धरून म्हणाला. "अर्ध्या स्टुडिओत पाहुणे कुठे बसवू?"

रुचिराने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग तिला वाटलं, आपण भलत्याच हुशार आहोत. तिने बांधच पुसून टाकला. एकच मोठं शेत, दोघांचं मिळून. ना हात इकडे, ना हात तिकडे. शनिवारी तिने दोघांना पुन्हा वर बोलावलं आणि शाबासकीची वाट बघत आनंदाकाकांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

दोघांचे माउस पडदाभर फिरले. मग पलीकडे खुर्ची सरकली, जिन्यावर पावलं वाजली. हरेशकाका वळसा घालून पूर्वेच्या जिन्याने वर आले आणि भावाच्या दारात उभे राहिले. जनीकाकूच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"तुज्याकडं पन नाय?" हरेशकाकांनी विचारलं.

"नाय," आनंदाकाका म्हणाले.

मग दोघंही एकदम रुचिराकडे वळले.

"पोरी, बांद कुटं गेला?"

"काका, मला वाटलं, भांडण मिटेल..."

"भांडान आमचा हाय, तुला कोनी मिटवाला सांगितला?" आनंदाकाका कडाडले. "बांद काडलास त मंग आमचा बापूस कुटं बसंल? दुपारचा भाकरी खाला तो बांदावरच बसं. मी या अंगाला, ह्यो त्या अंगाला."

"आनि बांद सरल नवता," हरेशकाका म्हणाले. "मधी दगूड व्हता. तटं वाकडा व्हता."

"डाव्या अंगाला वाकडा."

"हा. डाव्या."

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. रुचिराला रडू येईल असं वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. तिने तीन क्लिकमध्ये काय पुसलं होतं, ते तिला आत्ता कळत होतं. ती खुर्चीवर बसली. दोघं तिच्या दोन खांद्यांवरून वाकून सांगत राहिले आणि ती बांध घालत राहिली. दगड आला, वाक आला. एका हाताचा वाद काही मिटला नाही, म्हणून तेवढा तुकडा तिने कच्च्या मातीचा ठेवला. ज्याला हवं त्याने उकरावा.

सोमवारी बंगळुरूची माणसं आली, तेव्हा ओटा आणि संडास दोन्ही उघडे होते. अडचण वेगळीच निघाली. दोन्ही चांगले कॉम्प्युटर अडलेले. घरत बंधू सकाळपासून बसले होते आणि उठायला तयार नव्हते. एक बांध इकडे ओढत होता, दुसरा तिकडे, आणि भिंतीतून अस्सल शिव्या इकडून तिकडे जात होत्या. सत्यजीतच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीच्या मुख्य बाई मात्र आनंदाकाकांच्या मागे उभ्या राहून बघत राहिल्या, चहा निवेपर्यंत बघत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या की हा गेम आपण घेतोय, फक्त हे भांडण तेवढं काढू नका.

रुचिराने भिंतीला पाठ टेकली. वडिलांना काय सांगायचं, ते तिने मनात जुळवायला घेतलं.

निघताना बाईंनी आनंदाकाकांना विचारलं, "काका, ये जमीन कहाँ है? देखने जा सकते हैं?"

काकांनी मान वर करून खिडकीतून बघितलं. समोर गोदामाचं निळं पत्र्याचं छप्पर चकाकत होतं आणि एक ट्रक मागे येत होता. पलीकडल्या अर्ध्यातल्या शिव्याही थांबल्या होत्या.

काकांनी खिडकीकडून मान वळवली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही काय," ते म्हणाले. "इथंच हाय."