सरळ न बसणारा गॅस ब्लॉक

माझा नवरा रॉइस भलताच काटेकोर. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी दिसली तरी जेवण सोडून उठतो. लग्न झाल्यापासून मी त्याला यावरून टोचत आलेय. तोच रॉइस यंदाच्या हिवाळ्यात रायफलच्या नळीवरचा एक ठोकळा, गॅस ब्लॉक म्हणतात तो, सरळ बसवू शकत नव्हता, असं मी मोंटानातल्या आमच्या गावात सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

रायफल आमच्या मुलाची, गॅरेटची. बायको सोडून गेली तसा तो घरी परतला आणि रायफलचे सुटे भाग मागवून बसला. बापलेकांनी मिळून रायफल जोडायची, यात आमच्याकडे काही नवल नाही. मला बरंच वाटलं होतं. मग त्याने आपली कुत्री शेजारच्या डोरीनला देऊन टाकली. खोगीर चुलतभावाला दिलं. आवडीच्या गोष्टी माणूस अशा वाटून टाकायला लागला की घरच्यांनी सावध व्हावं, हे मी ऐकून होते.

एका रविवारी मी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले. रॉइस नळीवर तो लोखंडी ठोकळा सरकवत होता.

"नळीला वरून भोक, याला खालून. दोन्ही एकावर एक आली पाहिजेत," तो म्हणाला.

"नाही आली तर?"

"गोळी उडताना होणारा वायू मागे येत नाही. पहिली गोळी उडते, दुसरी भरतच नाही."

"एक पुरे की," गॅरेट हसत म्हणाला.

रॉइसचा हात थांबला. नळीवरची रेघ आणि ठोकळ्यावरची रेघ, दोन्ही त्यानेच आखलेल्या, अगदी एका ओळीत आल्या होत्या. मला चष्म्याशिवाय दिसत होतं.

"तिरका बसलाय," रॉइस म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू." ठोकळा काढून त्याने खिशात टाकला, नळी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढच्या रविवारीही तो तिरकाच. त्याच्या पुढच्याही. शेवटी माझं डोकं फिरलं.

"नुसता खेळत काय बसलायस? सरळ विचार ना पोराला!"

"विचारलं आणि तो हो म्हणाला तर?"

भीती तर मलाही तीच होती.

मग परवाच्या रविवारी गॅरेट स्वतःच वाकला, रेघांवरून बोट फिरवलं. "बाबा, सरळ आहे हो हे. पहिल्या दिवसापासून सरळ आहे."

"माहितीये मला."

"मग?"

रॉइसने पाना खाली ठेवला. "मग तू ही घेऊन जाशील. जीव द्यायचाय का तुला?"

गॅरेटने रेघांवरचं बोट उचललं. "रोज वाटतं," तो म्हणाला, आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मी त्याला धरून बसले. उद्या डॉक्टरकडे जायचं आणि गाडी मी चालवणार, हेही तिथेच सांगून टाकलं.

संध्याकाळी आम्ही तिघं नळी आणि बाकी सगळं घेऊन डोरीनकडे गेलो. ही रायफल सध्या आमच्या घरात नको, एवढंच मी तिला सांगितलं. तिने आपल्या बंदुकांच्या तिजोरीतला एक कप्पा रिकामा करून दिला आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. कुत्री गॅरेटच्या पायात घोटाळत होती. तो खाली बसला, तिचे कान चोळत राहिला.

"डोरीनमावशी, हिला परत नेऊ का?"

"ने बाबा ने," डोरीन म्हणाली. "रोज संध्याकाळी तुझ्या दाराकडे तोंड करून बसते."