अनलिमिटेडमधला उपास

धम्मदीपने हॉटेल निवडलं ते अल्पेशसाठी. अल्पेश म्हणजे जिज्ञासाचा भाऊ, जांभूळ गावचा आगरी गडी, माशांशिवाय घास उतरत नाही. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेटने नवीन जपानी हॉटेल काढलेलं. अनलिमिटेड. पाहिजे तेवढं खा, दोन तास कोणी उठवत नाही. तेवढ्या वेळात जिज्ञासा भावाला सांगणार होती, "दादा, मला याच्याशी लग्न करायचंय." तिनेच कबूल केलेलं.

अंबरनाथला धम्मदीप आणि जिज्ञासा एकाच कंपनीत. तीन वर्षांचं प्रकरण. हा हेंद्रेपाड्यातला बौद्ध, ती आगरी. सांगणं सोपं नव्हतं, त्यालाही कळत होतं. तरी गुरुवारी हाफ डे टाकून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी एकला हजर.

अल्पेशने बसायच्या आधी प्लेट भरली.

"काय रं धम्मा, हा मासा कच्चाच हाय?"

"असाच खातात दादा."

"जपानला गॅस नाय पोचला का?"

बोलता बोलता सहा तुकडे गेले पण.

धम्मदीप जिज्ञासासाठी तळलेली कोळंबी घेऊन आला, ढीगभर. तिने प्लेट हळूच सरकवली. तिच्यापुढे टरबुजाच्या दोन फोडी, बास.

"खा ना. टेन्शन नको घेऊ."

ती काट्याने बिया काढत बसली. त्याला वाटलं, घाबरलीय बिचारी. त्याने टेबलाखालून पायाला पाय लावला. तिने पाय मागे घेतला.

"तिला कशाला देतो?" अल्पेश भरल्या तोंडाने बोलला. "मार्गशीर्षातला गुरुवार हाय. धरलेत तिनं."

धम्मदीप हसला. "ही? दादा, ही संकष्टीला कॅन्टीनमधे आमलेट-पाव खाते!"

"खायची. आता सासूनं सांगितलाय ना. लग्नाआधी सगले गुरुवार करायचे."

"कोणाची सासू?"

"हिचीच! फेब्रुवारीत लगीन हाय, बेलवलीचा पोरगा. तुला खरंच म्हाईत नाय? बोलली, दादा, ऑफिसचा मित्र हाय, तूच सांग त्याला. मी म्हटला, मित्राला सांगायला भाऊ कशाला लागतो?"

धम्मदीपने जिज्ञासाकडे बघितलं. "कधी ठरलं?"

"गणपतीत."

गणपतीत! म्हणजे धम्मचक्र दिनाला पांढरी साडी नेसून ही त्याच्या घरी वंदनेला बसली, आईच्या हातचे बोंबील बोटं चाटून खाल्ले, आईने गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तेव्हा सगळं ठरून बसलेलं. आणि हा येडा रात्रभर आईबरोबर लग्नाला हॉल कुठला घ्यायचा बोलत होता.

फोन वाजला. आई. सकाळपासून तिसरा.

त्याने फोन जिज्ञासापुढे धरला. "आईचा आहे. दादा काय म्हणाले विचारायला. तूच सांग."

अल्पेशचा हात थांबला. "मी काय म्हणालो म्हंजे? कशाबद्दल?"

जिज्ञासाने फोन घेतला, कट केला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"काय नाय रे दादा," ती हसली. हसली! "मस्करी करतो हा. ऑफिसात पण असाच करतो."

धम्मदीपने फोन उचलला आणि आईला परत लावला. तिथेच, दोघांसमोर.

"आई, नाही झालं गं," तो बोलला. "नाही, दादांचं काही नाही. त्यांना तर माहीतच नव्हतं. तीच नाही म्हणाली."