पुंजक्यांतले दोन लाख

रुग्णालयाच्या तपासणी-खोलीतल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाला सगळे भिंगवाले काका म्हणत. यंत्राने प्लेटलेट्स कमी दाखवल्या की ते सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवून स्वतः बघत. वॉर्डात चार-पाच जणांमागे एकाच्या कमी निघतातच, आणि त्यातले बहुतेक आपल्या पायांनी घरी जातात. पण नातेवाईक आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा विचारत. फरक एवढाच, की इथे सगळ्यात कमीवाल्याचा नंबर पहिला.

आज तीन नंबरच्या खाटेवर विश्वस्तांचे साडू होते. अठरा हजार. खाटेभोवती मुंगीला शिरायला वाव नव्हता. सात नंबरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे नऊ हजार होते आणि हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. त्यांनी फक्त मऊ ब्रश मागितला होता.

प्लेटलेट्सची पिशवी एकच होती. "साडूसाहेबांना लावा," मोठे डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "विश्वस्तांचे दोन फोन आलेत."

इकडे काकांनी काच पाहिली. साडूंच्या प्लेटलेट्स कमी नव्हत्याच. तपासणीचं रक्त घेतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं औषध काहींच्या रक्ताला मानवत नाही. प्लेटलेट्स नातेवाइकांसारख्या पुंजके करून बसतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. निळ्या टोपणाच्या नळीत औषध वेगळं असतं. जन्मात डॉक्टरांना न टोकलेले काका जिना चढले. वर पोचेपर्यंत निम्मं धैर्य जिन्यातच सांडलं.

"साहेब, म्हणजे, माझंही चुकत असेल... निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं का? पुंजके दिसतायत."

"काका, यंत्र नवंकोरं आहे."

"हो ना. मी जुना आहे. पण दहा मिनिटं थांबा."

सिस्टरने खिशातून निळी नळी काढली. "काका, तुमचं वाक्य संपेपर्यंत सातच्या बाई संपतील. साहेब, घेते हं."

दहा मिनिटांनी आकडा आला. दोन लाख दहा हजार. पिशवी सात नंबरला गेली.

साडूंचा चेहरा पडला. "नीट बघा हो. सगळ्यांना कळवून झालंय."

"आता फळं परत मागतील," त्यांची बायको म्हणाली.

संध्याकाळपर्यंत खाटेभोवती चिटपाखरू उरलं नाही. काका सातच्या बाईंना बघायला आले, तेव्हा हिरड्यांतलं रक्त थांबलं होतं. साडूंनी काकांना हाताने जवळ बोलावलं.

"किती होते हो त्या बाईंचे?"

"नऊ हजार."

साडूंनी सातच्या खाटेशी लटकलेल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"नशीब लागतं," ते म्हणाले.