पिवळ्या दिव्याची खोली

मी तोंडाची फटकळ. भावोजी मला तोफ म्हणतात आणि सहसा माझ्या वाटेला जात नाहीत. पण ताईच्या बाळंतपणात त्यांनी माझ्याशी वाद घातला, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

भावोजींचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना आहे. पुढे छपाई, मागे घर, मध्ये फ्रेम वाळवायची खोली. जाळीच्या फ्रेमवर एक द्रव फासतात. त्याला साधा उजेड लागला की तो घट्ट होतो आणि फ्रेम वाया जाते. पिवळ्या उजेडाचं मात्र त्याला काही होत नाही. म्हणून खिडकीला पिवळा कागद आणि छताला पिवळा दिवा. खोली उबदार, धुळीचा कण नाही. ताई बाळाला घेऊन घरी आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी पलंग तिथेच टाकायला लावला. "अख्ख्या घरात याहून चांगली जागा दाखव मला," म्हणाल्या. मोठी ऑर्डर चालू होती, त्यामुळे फ्रेमही तिथेच, पलंगाच्या वरच्या मांडणीत.

मी रजा काढून मदतीला गेले. त्या खोलीत शिरलं की स्वतःचे हातसुद्धा आजारी माणसाचे वाटायचे.

बाळाचं कौतुक चाललं होतं. रडत नाही, छळत नाही, नुसतं झोपतं.

"माझ्यावर गेलाय, शांत," भावोजी म्हणाले.

"तुमच्यावर गेला असता तर एव्हाना दुधासाठी घर डोक्यावर घेतलं असतं," मी म्हटलं. सगळे हसले. मला मात्र आतून धाकधूक वाटत होती. बाळ दूध ओढतच नव्हतं. दोन घोट घेतले की मान टाकायचं. लंगोट कोरडेच्या कोरडे. ताई तळपायाला टिचक्या मारून उठवायची, तर ते डोळे न उघडता नुसतं कुरकुरायचं.

"डॉक्टरांनी दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं ना?" मी विचारलं.

"एवढी ऑर्डर गेली की जाऊ," भावोजी म्हणाले.

"मला तो पिवळा वाटतोय."

"इथे सगळंच पिवळं. तूही पिवळी. अगं, रंगात आयुष्य गेलं माझं, मला पिवळा कळत नाही होय?"

मी मोबाइलचा टॉर्च लावायला गेले तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "ए बाई! सगळ्या फ्रेम जातील!" बाहेर नेते म्हटलं तर सासूबाई दारात उभ्या. "गारठा आहे. एवढ्याशा जिवाला बाधला म्हणजे?" ताईसुद्धा म्हणाली, "राहू दे गं." तिघं एका बाजूला, मी एका. माझं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडलं. पण ते रडणं नेहमीचं नव्हतं. बारीक, चिरका आवाज, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आणि त्याची पाठ मागे ताणली जात होती. मी कोणाला विचारलं नाही. दुपट्यासकट उचललं आणि थेट बाहेर उन्हात आणलं.

पोर पिवळंधमक होतं! कपाळ, छाती, पोट, पार तळपायांपर्यंत. नाकावर बोट दाबून सोडलं, तर दाबलेली जागाही पिवळी. पापणी वर केली, डोळ्यातलं पांढरंही तसंच.

भावोजी मागून धावत आले. बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कावीळ," ते पुटपुटले. मग एकदम, "थांब, थांब. याला निळ्या दिव्याखाली ठेवतात ना? माझ्याकडे आहे की!" आणि ते आत पळाले. मी मागे गेले तर फ्रेमवर नक्षी उमटवायच्या, निळसर दिव्याच्या यंत्राची काच फडक्यानं पुसत होते. कोपऱ्याकोपऱ्यातून, अगदी काळजीनं. त्या दिव्याखाली त्यांनी हजार फ्रेम भाजल्या असतील.

"लेकरू आहे ते, तुमची फ्रेम नव्हे!" मी ओरडले. "गाडी काढा!"

डॉक्टरीणबाईंनी दुपटं उघडलं आणि बाळाला लगेच निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधली, रक्त तपासायला पाठवलं. मग आमच्याकडे वळल्या. ताईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. ताईच्या रक्तातलं काहीतरी बाळात उतरून त्याच्या तांबड्या पेशी फोडत होतं. त्यातून पिवळं द्रव्य तयार होतं. नव्या बाळाचं लिव्हर कच्चं, त्यात पोटात दूध नाही, शी-शू नाही, मग ते बाहेर जाणार कसं?

"थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते, उतरतेही," त्या म्हणाल्या. "पण फार वाढली की ती मेंदूत शिरते. जीव जाऊ शकतो. वाचलं तर कधी हातपाय आखडतात, कधी कान जातात. आता नुसत्या दिव्यावर भागणार नाही. रक्त बदलावं लागेल."

भावोजींनी आपल्या यंत्राचं विचारलंच. "त्यानं कातडी भाजली असती," त्या म्हणाल्या. "घरी कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"खोलीत दिवाच पिवळा आहे," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी नर्सला रक्तपेढीत फोन लावायला सांगितलं.

बेंबीतून नळी घालून थोडं थोडं रक्त काढत होते, थोडं थोडं दुसऱ्याचं भरत होते. ताई काचेला कपाळ टेकून उभी होती. बसायला सांगितलं तर माझ्यावरच खेकसली. सासूबाई कोपऱ्यात रडत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

बाळ जगलं. पिवळेपणा उतरला, दूध ओढायला लागलं, गाल भरले. ताई मला म्हणाली, "सुटलो गं." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एकच राहिलं होतं, कानांची तपासणी.

काही महिन्यांनी ती एका छोट्या बंद खोलीत झाली. बाळ ताईच्या मांडीवर, टक्क जागं, खुशीत पाय झाडत होतं. तपासणाऱ्या बाईंनी त्याच्या कानामागे खुळखुळा वाजवला. मग घंटी. मग डबा चमच्यानं जोरात बडवला. मी दचकले, भावोजी दचकले. बाळ ताईच्या तोंडाकडे बघून हसत होतं.

बाईंनी डबा खाली ठेवला.

"त्याचं लक्ष नव्हतं," ताई म्हणाली. "पुन्हा वाजवा."