मेणाने बुजवलेलं भोक

एकसष्ट सालच्या आश्विनात नदीपलीकडच्या गावी कोरीव भोपळ्यांचा मेळा भरला. आमच्या गल्लीतले सातजण निघालो. नदीला पूल नव्हता. खाटेच्या चारी पायांना वाळलेले मोठे कडू भोपळे बांधायचे, एकाने वर बसायचं आणि माझ्या थोरल्या भावाने, पुंजाजीदादाने, पोहत खाट ढकलायची. या सांगडीवरच आमचं गाव पार होत असे.

दादाच्या बायकोने, जाईवहिनीने, चार महिने खपून घागरीएवढ्या भोपळ्यावर कापसाची बोंडं कोरली होती. आदल्या दिवशी तो घासताना माझ्या चाकूचं टोक आरपार गेलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. फुटका भोपळा मेळ्यात घेत नसत. मी भोकात मेण भरलं, वरून काजळी चोळली आणि गप्प राहिलो.

पहिला नंबर तिचाच आला.

"पाहा आत्याबाई, तुमी म्हणत होत्या, भोपळे कोरून का पोट भरते?" वहिनी सासूला म्हणाली.

"भरलं का मंग?" माझी माय केशरबाई हसली. "घरी लेकरू उपाशी हाय. चाल."

सहा महिन्यांचं पोर वहिनीने शेजारच्या तानुबाईकडे ठेवलं होतं.

काठावर आलो तर पाणी लाल झालेलं, वाढत होतं. मेळघाटात कुठे तरी पाऊस झाला असावा. सांगडीच्या एका भोपळ्यावर म्हशीने पाय दिला होता. त्याचे दोन तुकडे पडले होते. बाकीचे तिघे म्हणाले, रात्र इथंच काढू. वहिनीची चोळी दुधाने भिजली होती. तिने बक्षिसाचा भोपळा दादापुढे धरला.

"हा बांधा."

"नक्षी खराब होईन."

"होऊ द्या. लेकरापरीस मोठी हाय का नक्षी?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सगळ्यांदेखत वहिनीच खोटी ठरली असती, आणि मीही.

आधी माय बसली. खाट नीट पार गेली. मेण धरून आहे, असं मला वाटलं. दादा खाट परत घेऊन आला तेव्हा तिचा एक कोपरा चार बोटं खाली होता.

"वहिनी, थांबा जरा."

"काहून भाऊजी?" ती बसलीसुद्धा.

"पाणी लय हाय."

"मंग तं लौकर जाऊ द्या. असे काहून पाहून राहिले? भूत पाह्यलं का?"

दादाने खाट ढकलली.

मध्यावर तो कोपरा वीतभर खाली गेला, मग हातभर. "भोक हाय त्यात!" मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. पलीकडे माय हात हलवत उभी होती. खाट उलटली.

दादा कोसभर खाली काठाला लागला. वहिनी तिसऱ्या दिवशी बाभळीच्या झुडपात सापडली. खाटही तिथेच अडकली होती. दादाने भोपळा सोडवून उचलला. कोरलेल्या एका बोंडातून पाण्याची बारीक धार लागली. ती संपेपर्यंत तो पाहत राहिला.

मग त्याने मला विचारलं, "हा घासला कोनं होता, श्रावण?"