मुद्देमाल खोलीतला ढोल

माझ्यावरचं रक्त तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. ते कुणाचं, हे मात्र एकानंही नीट विचारलं नाही.

मी ढोल बोलतोय. सातपुड्याच्या पायथ्याशी मला वाजवणाऱ्या धनाचं गाव आहे. त्याच्या बापानं शिवणीचं खोड पोखरून मला घडवलं, तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं. होळीच्या आधी तिकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो. त्या दिवशी धना मला सकाळी गळ्यात अडकवायचा, ते दिवस मावळेपर्यंत उतरवायचा नाही. उजव्या हातात काठी, डावा तळहात उघडा. त्याची बायको कस्तुरा लांबून बघत हसायची.

अशाच एका बाजारात, दुकानांच्या मागे, बादल नावाचा माणूस डोकं फुटून मेलेला सापडला. सकाळी धनाचं त्याच्याशी भांडण झालं होतं. तेवढं पुरलं. धनाचा डावा हात फुटलेला होता. झटापटीत फुटला, असं ठरलं. माझ्या कातड्यावर रक्त होतं आणि दोघांचा रक्तगट एकच निघाला. धना दिवसभर वाजवत होता, असं नाचणाऱ्यांनी सांगितलं. पण ते पडले नात्यातले. धनाला जन्मठेप झाली. निकालाच्या शेवटी माझ्यासाठीही एक ओळ होती: अपिलाचा निकाल लागल्यावर मुद्देमाल नष्ट करावा.

तेव्हापासून मी या खोलीत. शेजारी एक सायकल, पिशवीत बांधलेली साडी, चेपलेला तांब्या. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. निकालाला वेळ लागतो म्हणतात. तो वेळ कुणाच्या आयुष्यातून जातो, ते सांगत नाहीत. फाल्गुनात खिडकीतून लांबचा ढोल ऐकू यायचा. मला वाटायचं, धनालाही तुरुंगात असाच एखादा ऐकू येत असेल. त्याचा हात तेव्हा कशावर पडत असेल?

मग एक दिवस हेमलता वकील आली. धुळ्याला देवपुरात राहणारी, कोर्टाची परवानगी घेऊन आलेली. सोबत कस्तुरा होती. खोली सांभाळणारे जीवरामभाऊ कुलूप काढता काढता म्हणाले, "ताई, अपील तर कागदावर चालतं. या अडगळीत काय शोधताय?"

"जळगावला सिनियरकडे जामिनाचे अर्ज लिहीत मी वकिली शिकले, भाऊ. मग ज्यांना वकील परवडत नाही, त्यांचे खटले चालवले. तिथं माणूस समोर उभा असतो. अपिलात नुसते कागद. म्हणून अपील हातात आलं की मी आधी वस्तू बघते."

"त्या बोलतात वाटतं?"

"तुमच्यापेक्षा कमीच."

जीवरामभाऊ हसले. हेमलतानं मला उजेडात नेलं. वरचा डाग गडद होता. त्याच्याखाली फिकट डाग होते, एकावर एक, सगळे एकाच जागी. तिनं कस्तुराला विचारलं, "अक्का, हे जुने डाग कसले?"

"दर होळीले त्याना हात फुटस, ताई. वाजाडी-वाजाडी. आजपावत कोनी इचारं नही."

हेमलतानं ते शब्द तसेच वहीत उतरवून घेतले.

पुढे हायकोर्टानं मला बोलावून घेतलं. हेमलतानं मला शिपायाच्या गळ्यात अडकवायला लावलं आणि त्याचा डावा हात कातड्यावर ठेवला. तळहात बरोबर डागांवर पडला. "हे डाग एका दिवसाचे नाहीत," ती म्हणाली. "हे धनाच्या वाजवण्याचे आहेत." बोलता बोलता तिचं बोट माझ्यावर आपटलं. ढुम. एवढासा आवाज, पण इतक्या वर्षांनी माझा मला ऐकू आला. नंतर ती कितीतरी वेळ बोलत होती. मी त्या आवाजातच अडकलो होतो.

धना सुटला. मला नष्ट करण्याची ओळही रद्द झाली.

आज तो मला या खोलीतून न्यायला आला. केस पांढरे, तळहातावरचे घट्टे उतरलेले. माझीही कड उंदरांनी कुरतडलेली, कातडं सैल पडलेलं. त्यानं मला गळ्यात घेतलं आणि तो दारातच उभा राहिला. वाजव, धना. कसाही आवाज येऊ दे, पण वाजव.

त्यानं हात उचलला.

जीवरामभाऊंनी तो हळूच धरला. म्हणाले, "इथं नको, भाऊ. आतल्या बाकीच्यांना अजून कुणी न्यायला आलेलं नाही."