टेबलापुढची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्यावर तुम्हाला साहेब आठवले असतील. त्यांची वेगळी, ती फिरते. मी आपली जागच्या जागी.

सुतारानं मला मन लावून घडवलं आणि मी पेन्शनच्या कचेरीत आले. तिथे टेबलामागे कारकून बसत आणि टेबलापुढे म्हातारी माणसं उभी राहत. "बसायला दिलं की उठत नाहीत," असं मोठे कारकून म्हणत. म्हणून माझ्यावर फायली बसवल्या होत्या. त्याही उठत नसत.

एकदा कचेरीनं भिंतीवरच्या चित्रासाठी एका चित्रकार बाईंना नेमलं. विषय ठरलेला होता : समाधानी पेन्शनर. बाईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं. मग अर्ज केला, की चित्रातला माणूस बसलेला हवा, तरी चित्र पुरं होईपर्यंत टेबलापुढे एक खुर्ची असावी. कलेचं काम म्हणून साहेबांनी न वाचता सही केली.

तेव्हापासून येईल तो माझ्यावर बसू लागला. बाई कोपऱ्यातून चित्र काढत. माणूस बसल्यावर त्याचा चेहरा कारकुनांच्या समोर येई, आणि मग बघावंच लागे. एकदा मोठे कारकून एका आजींना म्हणाले, "पाणी घेता का, मावशी?"

मावशी दचकल्या. "का हो? काम होणार नाही का?"

चित्र मात्र संपेना. साहेब विचारत, "झालं का हो?"

"हात जमत नाहीयेत," बाई म्हणत. चित्रात त्या आज माझ्यावर बसलेल्या माळीबुवांचे हात काढत, उद्या त्यावर नर्सबाईंचे. अशी दोन वर्षं गेली.

मग मोठे पाहुणे यायचे ठरले. साहेब म्हणाले, "हात राहू द्या. पुढे फुलदाणी ठेवू."

"बरं, खुर्ची तरी राहू द्या."

"अहो, चित्रात आहे की."

बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं आणि मला अडगळीची खोली. आता चित्रातला माणूस ऐसपैस बसलाय आणि त्याच्याखाली माणसं उभी आहेत. भिंतीपलीकडून त्यांच्या चपला ऐकू येतात. भार या पायावरून त्या पायावर. आधी माझ्या हातांना धरून, मग हळूच टेकणारी ती माणसं मला फार आठवतात. टेकल्यावर सुटणारा तो एक सुस्कारा तर रोज आठवतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी टेबलामागे बसेल. समोर कुणी उभं दिसलं, तर चित्रकाराची वाट पाहू नका. अडगळीची किल्ली शिपाईकाकांकडे असते. माझा अजून एकही सांधा हललेला नाही.